गंधकाचं नांदणं

बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, ते साल दोन हजार तेवीस. त्या मार्चमध्ये धाडच्या स्टँडवर काय गर्दी असायची! ज्या बायका वर्षानुवर्षं फक्त दिवाळीला माहेर बघत, त्या आता नुसत्या पाय मोकळे करायला बुलडाण्याला जाऊन येत होत्या. अशाच एका खच्चून भरलेल्या गाडीत, बाजाराच्या दिवशी, मलकापूरची सुचिता खांद्यापर्यंत येईल एवढी पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांची मोळी घेऊन चढली, आणि कंडक्टरचा घंटीच्या दोरीकडे गेलेला हात तसाच वर राहिला.

"काय हाये हे?"

"पऱ्हाटी."

"ते दिसते मले. कपाशी मीही पेरतो. मोळी काऊन नेऊन राह्यल्या, ते विचारलं."

"जाळायला," सुचिता म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती.

"मलकापुरात गॅस भेटत नाही का, मॅडम?"

गाडी खदखदून हसली. सुचिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं नाही... बॅटरी बनवायची आहे," असं ती म्हणाली मात्र, आणि हसणं दुप्पट झालं. मागच्या बाकावरची एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात दाराजवळून एक आवाज आला. "भाऊ, काटा ना तिकीट. मॅडमचं अर्धं, सरपणाचं पूर्ण. मोळी काही बाईमाणूस नाही."

आवाजाचा धनी उंच, सावळा, खिशाला टेस्टर लावलेला. त्यानं मोळी उचलली, दोन बाकांच्या मध्ये उभी केली, स्वतःच्या गुडघ्यांत धरली आणि सुचितासाठी अर्धी जागा केली. गाडी हलली तशी एक काटकी त्याच्या शर्टात घुसली. त्यानं हूं की चूं केलं नाही.

तो ऋत्विक. धाडला त्याचं सोलरचं दुकान होतं. शेतातले पंप, घरावरचे पॅनल, इन्व्हर्टर... सूर्यावर चालणारं जे जे असेल ते सगळं तो बसवून देई. त्यामुळे बॅटरी हा शब्द ऐकून त्याचे कान टवकारले होते.

"पऱ्हाटीची बॅटरी?" गाव मागे पडल्यावर त्यानं हळूच विचारलं.

"सोडियम आणि गंधकाची. मिठातलं सोडियम. दोन्ही स्वस्त, दोन्ही आपल्याकडे भरपूर. पूर्वीच्या अशा बॅटऱ्या भट्टीसारख्या तापवाव्या लागत, तेव्हा चालत. मला ती अशीच, आपल्या घरातल्या हवेत चालवायची आहे. पऱ्हाटीचा कोळसा गंधक धरून ठेवायला."

"मंग धरते का?"

सुचिता खिडकीबाहेर बघू लागली. वेचून झालेल्या शेतांतून कापसाचे चुकार पुंजके उडत होते. "नाही धरत," ती म्हणाली. "बॅटरी चार्ज केली, वापरली, की एक फेरी झाली. दर फेरीला थोडं गंधक विरघळतं, निघून दुसऱ्या बाजूला सोडियमकडे जाऊन बसतं. मग ना ते कामाचं, ना सोडियम कामाचं. साठ-सत्तर फेऱ्यांत बॅटरी मरते."

ऋत्विकनं शर्टात घुसलेली काटकी काढली. मग अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, "म्हणजे नांदत नाही म्हणा ना."

सुचिताला हसू फुटलं. गेल्या कितीतरी महिन्यांत ती अशी हसली नव्हती. ओढणी तोंडाला लावली तरी खांदे हलतच होते. तिच्या कामाबद्दल आजवर कुणी इतकं थोडक्यात आणि इतकं बरोबर बोललं नव्हतं.

बुलडाणा आलं, गेलं. गाडी राजूरचा घाट उतरायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. "अहो, तुम्हाला बुलडाण्याला उतरायचं होतं ना? तिकीट तर तिथलंच काढलं होतंत."

"गेलं का बुलडाणा?" त्यानं खिडकीतून मागे वळून पाहिलं. "काही हरकत नाही... कुठं जाते ते? परत येताना लागंलच की."

कंडक्टरनं त्याचं पुढचं तिकीट फाडलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

मलकापूरच्या एका कॉलेजात सुचिता पीएचडीसाठी काम करी. छाया मॅडम तिच्या मार्गदर्शक. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबोडी खोली, एक भट्टी, हवा आत शिरू नये म्हणून बनवलेली एक काचेची पेटी, आणि घड्याळातल्या सेलएवढ्या बॅटऱ्यांना रात्रंदिवस चार्ज करून रिकामं करणारं यंत्र. पुढच्या जानेवारीत बाहेरगावची समिती यायची होती. तोवर टिकणारी बॅटरी दिसली तर काम पुढे चालणार. नाहीतर यंत्र परत जाणार, शिष्यवृत्ती संपणार, आणि सुचिताला पुण्याला भावाकडे जावं लागणार. तिथं एका कंपनीत तिच्यासाठी खुर्ची तयार होती. तिचे वडील भगवंतराव कापसाचे व्यापारी. ते म्हणत, "पुणं काही वाईट नाही, बेटा." सुचितालाही ते वाईट वाटत नव्हतं. पण हातातलं काम अर्ध्यात टाकून जायचं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एसटीतून आणलेल्या पऱ्हाटीच्या बॅटऱ्या एप्रिल संपायच्या आत मेल्या. धाडला राहणाऱ्या तिच्या जनकामावशीच्या शेतातली ती मोळी. उरलेला ढीग तोवर चुलीत गेला होता. मग सुचितानं जरा घाबरत घाबरत, ऋत्विकनं एसटीतून उतरताना दिलेल्या दुकानाच्या कार्डावरचा नंबर लावला.

"पऱ्हाटी मिळेल का तुमच्याकडे?"

"किती गाड्या पाठवू?" पलीकडून लगेच आवाज आला.

"एक मोळी."

"एकच..." आवाज पडला. "एकदाच येणं होईन मंग माझं."

सुचिता गालातल्या गालात हसली, पण बोलली करड्या आवाजात. "हे बघा, शेतातून निघाली तशीच हवी. धुवायची नाही, पुसायची नाही. पाण्याचा थेंब लावायचा नाही. काही लागलं तर कोळसा बदलतो, मग मला काही कळत नाही."

"हळदीकुंकू?"

"तेसुद्धा नाही!"

मे महिन्याच्या कडक उन्हात तो मोळी घेऊन स्वतः आला. काड्या सारख्या लांबीच्या, सुतळीनं घट्ट बांधलेल्या आणि नजर ठरणार नाही इतक्या स्वच्छ. सुचितानं एक काडी फिरवून पाहिली.

"पुसल्यात का तुम्ही?"

"मी? ... न्नाही. आमच्या वावरातली पऱ्हाटी असतेच देखणी." आणि तो घाईघाईनं भिंतीवरचा इन्व्हर्टर बघायला लागला. "हे काय लावलं कोणी? वीज गेली की तुमचं यंत्र बंद पडत असंल."

पडत असे. वळवाच्या पावसात तर दिवसातून चारदा. ऋत्विकनं पुढच्या आठवड्यात येऊन तारा बदलल्या. मग काय, तारांना दर पंधरा दिवसांनी काहीतरी व्हायला लागलं. पावसाळाभर तो येत राहिला. खिडकीच्या पत्र्यावर सर वाजायची, दोघं यंत्राच्या पडद्यावरची रेघ बघत बसायचे, आणि छाया मॅडम चष्म्यावरून दोघांना बघायच्या.

"माझ्या दुकानातली बॅटरी दोन वर्षं चालते. गॅरंटी देतो मी," तो म्हणायचा. "तुमची?"

"माझी अजून लहान आहे."

"वाढवू मंग. मले घाई नाही."

"बॅटरीबद्दल बोलताय ना?"

"मंग? ... आणखी कशाबद्दल?"

असं बोलून दोघंही पडद्याकडे बघायचे, जणू तिथं फार महत्त्वाचं काही घडतंय. आणि खरोखरच घडत होतं. देखण्या मोळीतून एकच सेल धड निघाला होता. बाकीचे बनवतानाच बिघडले. तो एक सेल साठ फेऱ्यांना डगमगला नाही, शंभरला नाही, दोनशेला नाही. ऑगस्ट उजाडला तेव्हाही त्याची रेघ टेबलासारखी सपाट होती.

सुचितानं पेढे आणले. छाया मॅडमनी अर्धा घेतला. "एक सेल म्हणजे नशीब, सुचिता. पाच सेल म्हणजे विज्ञान. पुन्हा करून दाखव."

काहीच अवघड नव्हतं. ऋत्विकनं उरलेला ढीग तिच्यासाठी पत्र्याखाली ताडपत्री घालून कोरडा ठेवला होता. या वेळी त्याला दुकानातून सवड नव्हती म्हणून जनकामावशीनं त्याच ढिगातली मोळी जीपमध्ये टाकून दिली. तोच ढीग, तीच भट्टी, तेच गंधक. पाच सेल. गणपती बसले तेव्हा रेघ उतरायला लागली होती. गणपती गेले तेव्हा पाचही मेले होते.

सुचितानं भट्टी तपासली, वायूची नळी तपासली, स्वतःला तपासलं. कुठे चूक सापडेना. ज्या सेलवर सगळी भिस्त, तो तिच्याच हातचा, आणि तो कसा झाला हे तिलाच माहीत नाही! त्याचा आकडा एकटा घेऊन समितीसमोर उभं राहायचं, तर ते फसवल्यासारखं. तिनं पुण्याला होकार कळवायचं ठरवलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, फोनवर सांगता येणार नाही म्हणून, धाडला गेली.

ऋत्विकच्या ओसरीवर त्याची आई रुखमाबाई सुपात नवे उडीद पाखडत होती. ऋत्विक समोरच एक पंखा उघडून बसला होता. सुचितानं चहा घेतला, कप खाली ठेवला.

"मी पुण्याला चालले आहे. तिकडेच राहायला."

स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातातून निसटून टणकन पडला. "काऊन?"

"नाही जमलं. तुमच्याच ढिगाची पऱ्हाटी होती, पण ती मेच्या मोळीसारखी निघाली नाही. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही... आणि आता वेळही नाही."

ऋत्विकचा चेहरा असा झाला, की रुखमाबाईंचं सूप थांबलं. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

"मॅडम... तुम्ही रागवान."

"कशाला?"

"मंग कधी येणारही नाही इकडं. तसंही तुम्ही चालल्याच म्हणा." त्यानं मान खाली घातली. "मे महिन्यातली मोळी... धुतली होती मी."

सुचिता ताडकन उभी राहिली. "धुतली? मी सांगितलं होतं ना—"

"सांगितलं होतं."

"कशानं धुतली?"

"चिखल होता तिच्यावर. मुळाशी काळं काळं. असली पऱ्हाटी तुमच्या हातात कशी देऊ, असं झालं मले..."

"ते राहू द्या. कशानं धुतली?"

"पाण्यानं निंगेना. त्या दिवशी मायचे उडदाचे पापड होते. पापडखाराचं उकळलेलं पाणी उरलं होतं पातेल्यात—"

"पापडखार!" सुचितानं त्याचं मनगटच धरलं. "किती? म्हणजे पाणी किती दाट होतं? नुसती बुडवली, की भिजत ठेवली?"

"रातभर भिजवली. सकाळी माडीवर वाळू घातली. पण मॅडम, मी काऊन धुतली ते तरी विचारा..."

"वाळवण्याआधी साध्या पाण्यातून काढली का?"

"नाही काढली! अवं, मी इथं जीव काढून सांगून राह्यलो, आणि तुम्ही पाणी विचारून राह्यल्या!"

रुखमाबाईंना राहवलं नाही. "पोरी, मी सांगतो. हा येडा रात्री सरपण घासत बसला होता. माह्या जन्मात सरपण धुणारा माणूस मी पाह्यला नव्हता. मी तवाच समजली, हे चुलीसाठी नाही."

सुपातले उडीद ओघळले. सुचिताच्या लक्षात आलं, की आपण अजून त्याचं मनगट धरून आहोत. तिनं ते सोडलं नाही.

"खारानं कोळशात बारीक भोकं पडली असणार," ती हळूच म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "इतकी बारीक, की गंधकाचे छोटे छोटे तुकडेच आत मावतात... आणि आत गेले की पळून जायला वाट राहत नाही." मग तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते आणि हसतही होते. घरात, आईशी बोलायची ती बोली आज पहिल्यांदा त्याच्यापुढे तिच्या ओठांवर आली. "इतके दिवस मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही भेटायचं बंद कराल म्हणून."

"म्हणून मी पुण्याला जायला निघाले होते, येड्या!"

"निघाले होते? ... म्हणजे आता नाही?"

"काकू," सुचिता रुखमाबाईंकडे वळली, "घरात पापडखार आहे का?"

आणि मग धाडमध्ये कधी झालं नव्हतं ते झालं. ऋत्विकच्या अंगणात तीन टब मांडले गेले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात रुखमाबाईंनी पापडासाठी करतात तेवढंच खाराचं पाणी, तिसऱ्यात त्याच्या दुप्पट दाट. न धुतलेली पऱ्हाटी वेगळी. "कोणत्या पाण्यानं काम केलं ते ठरवल्याशिवाय समितीला तोंड दाखवता येणार नाही," सुचितानं बजावलं. सोलरवाला ऋत्विक बाह्या सावरून भर दुपारी सरपण धूत बसला, आणि बघायला गल्ली लोटली.

समोर पानटपरी चालवणारा कचरू कंबरेवर हात ठेवून उभा. "काबे ऋत्विक, लोक लग्नानंतर धुणं धुतात, तू आधीच सुरू केलं?"

"सराव करून राह्यलो बे."

"मॅडम, साबण देऊ का? टपरीत हाये."

"नको कचरूभाऊ," सुचिता टबातून हात न काढता म्हणाली. "साबणानं हा नवरा टिकणार नाही."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो, आणि ती गालापर्यंत लाल झाली. ऋत्विकनं तर हातातली मोळी पूर्ण पाण्यात सोडून दिली.

चार प्रकारच्या कोळशाचे सेल दिवाळीआधी यंत्रावर चढले. ते दिवस कसे गेले, ते त्या दोघांनाच ठाऊक. न धुतलेल्या पऱ्हाटीचे मेले, साध्या पाण्याचे त्यांच्या पाठोपाठ गेले. दुप्पट दाट खाराचे बरे चालले, पण लवकर थकले. आणि पापडाइतक्या खाराचे पाचही सेल नाताळ उलटला तरी तसेच, एकाशेजारी एक, सपाट रेघ काढत होते. छाया मॅडमनी त्या दिवशी अख्खा पेढा खाल्ला.

जानेवारीत समिती आली. एका पाहुण्यानं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे पापडखार प्रकरण शोधनिबंधात तुम्ही कसं लिहिणार?"

"आहे तसं," सुचिता म्हणाली. "त्यात काय काय असतं ते तपासलं आहे, तेही लिहीन. आणि कुणी धुतलं, त्याचं नावही."

काम पुढे तीन वर्षांसाठी मंजूर झालं. बाहेर व्हरांड्यात ऋत्विक इस्त्रीच्या शर्टात उभा होता. तिनं येऊन फक्त मान हलवली. त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. "मंग आता विचारू का... बॅटरीबद्दल नाही, दुसऱ्याबद्दल?"

"इतके दिवस काय करत होतास?"

"तारा जोडत होतो."

"मग विचार."

त्यानं विचारलं. काय उत्तर मिळालं, ते तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला येऊन चष्मा पुसत थांबलेल्या छाया मॅडमना तिथूनही कळलं.

भगवंतरावांनी जावयाला पहिल्याच भेटीत कापसाच्या भावावरून तासभर तपासलं आणि शेवटी म्हणाले, "पोरगा बरा आहे. फक्त बोलतो फार." लग्न त्याच एप्रिलमध्ये मलकापूरला झालं. छाया मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या, नाशिकला लेकीकडे राहतात, आणि दर रविवारी फोन करून सेल कुठवर आले ते विचारतात. जनकामावशी सगळ्यांना सांगत फिरते, की सोयरिक तिच्याच जीपनं जमवली. तिची जीप नव्हती, पण कुणी तिला तोडत नाही. कचरूनं टपरीचं हॉटेल केलं. सोलर ऋत्विकचं, उधारी मित्रत्वाची. रुखमाबाईंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पण सुनेच्या फोटोचं पेपरातलं कात्रण त्या शेजारणींना स्वतः उठून दाखवतात. भगवंतरावांच्या दुकानावर आता जावयानं बसवलेले पॅनल आहेत.

बॅटरी अजून बाजारात आलेली नाही. हाताच्या पंजाएवढी झाली आहे, आणि तिथं आता सोडियमची बाजू रुसून बसली आहे. सुचिता तिची समजूत काढते आहे. दोघं बुलडाण्याला राहतात. सकाळी ती घाट उतरून मलकापूरला जाते, तो धाडची वाट धरतो. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली, मयुरी. डोळे आईचे, बडबड बापाची.

मागच्या महिन्यात पुण्याहून भावाचा पुन्हा फोन आला. जागा मोठी होती, प्रयोगशाळा त्याहून मोठी. सुचिता नाही म्हणाली. भावाला पटेना. "अगं, पण तिथं असं आहे तरी काय?"

सुचितानं फोन ऋत्विककडे दिला. "तूच सांग."

मयुरी खांद्यावर झोपलेली. आयुष्यभर कुणाला शब्दानं हार न गेलेला तो माणूस कधी नव्हे तो अडखळला. सुचिताकडे पाहिलं, आणि लेक जागी होऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाला, "मी हाये ना, दादा."